लक्ष्मीपूजनाचं चांदणं

कादंबरी लिहिणं सोपं असतं. मी आठ महिन्यांत ४८० पानं लिहिली, तीही नोकरी सांभाळून, पहाटे साडेचारला उठून. त्या काळात घरात माझा दरारा होता. मिक्सरसुद्धा मला विचारून लावला जायचा. 'समाप्त' लिहिलं त्या संध्याकाळी मी पाव किलो बाकरवडी आणली आणि खर्डा बायकोच्या हातात दिला. तिथे माझं चुकलं.

रात्री ओटा आवरला की ती दहा-बारा पानं वाचायची. वाचायची म्हणजे, तांदूळ निवडतात तशी. चेहऱ्यावरून काही पत्ता लागायचा नाही. पान ९१ वर तिचं बोट थांबलं.

"अहो, ही रमा गॅलरीत बसून पत्र वाचतेय ते कशाच्या उजेडात?"

"चांदण्याच्या. टिपूर चांदणं पडलंय. दीड पान आहे ते."

"आणि आत लक्ष्मीपूजन चाललंय."

"मग?"

"अमावास्येला?"

आता हे दीड पान म्हणजे माझा जीव की प्राण. रमेच्या चेहऱ्यावरून चांदणं ओघळतं काय, पत्रावरची शाई निळसर होते काय. मी जरा भांडून पाहिलं. म्हटलं, "चांदण्या असतातच की अमावास्येला."

"मग आज रात्री चांदण्यांच्या उजेडात विजेचं बिल वाचून दाखवा."

मी टॉलस्टॉय काढला. 'वॉर अँड पीस'चे खर्डे त्याच्या बायकोने हाताने पुन्हा पुन्हा उतरवून काढले होते, हे ऐकवलं. ती म्हणाली, "उतरवून काढायला माझी ना नाही. पण त्याच्याकडे अमावास्येला चंद्र उगवायचा का?"

तर प्रसंग हलवायचा ठरला. पंधरा दिवस अलीकडे, कोजागरीला. चंद्र मिळाला, पण फराळ गेला. चकलीचा सोऱ्या हातात असताना रमेला दाराची बेल ऐकू येते, असं होतं. आता मसाला दूध ढवळताना ऐकू यायला लागली. तेही चाललं असतं. पण नवऱ्याचा बोनस अजून झाला नव्हता आणि त्या बोनसवरूनच तर पुढची साठ पानं भांडण होतं. शिवाय पत्र घेऊन येणारा भाऊ भाऊबीजेसाठी येतो. कोजागरीला तो कशाला येईल? मग पंधरा दिवस पलीकडे नेला, त्रिपुरी पौर्णिमेला. चंद्रही आहे, पणत्याही आहेत. मी खूश. पण तोवर भाऊ भाऊबीजेला येऊन, ओवाळून घेऊन, पत्रातलं सगळं तोंडी सांगून परत गेलेला. तीन आठवडे मी हा चंद्र पंचांगभर फिरवत होतो. ऑफिसात नोटिंग करताना एकदा तारखेच्या जागी 'कार्तिक शुद्ध' लिहून बसलो.

शेवटी बायकोच म्हणाली, "पान ८८ वर तुम्हीच आकाशकंदील लावलाय की हो. त्याच्याखाली वाचू दे की तिला."

पत्र आकाशकंदिलाखाली वाचलं गेलं. अक्षरं एका बाजूने लाल, एका बाजूने हिरवी. खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरं झालं, पण हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही. कापलेलं दीड पान 'उरलेलं चांदणं' नावाच्या फाइलमध्ये ठेवलंय. कधी तरी पौर्णिमेला लग्न लावेन कुणाचं तरी.

अशा वेळी मला हरिभाऊ आपट्यांचा हेवा वाटतो. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात त्यांच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने यायच्या. मागच्या अंकातला मजकूर छापून लोकांच्या घरी जाऊन पडलेला. तो खोडायला कोण जाणार? अर्थात हरिभाऊंना तिथी कळत असणार. माझ्याही भिंतीवर कॅलेंडर आहे, पण त्यावर दुधाचा हिशोब असतो.

मग प्रकाशक. त्यांनी हस्तलिखित (पाठवतो ईमेलने, म्हणायचं हस्तलिखित) तीन महिने ठेवून घेतलं आणि फोन केला. "तीस फॉर्म होतायत. वीसमध्ये बसवा." सोळा पानांचा एक फॉर्म. म्हणजे १६० पानं गेली! "आणि तो मामा काढा. आत्या आहे ना, तिलाच द्या त्याचं काम."

बोलायला काय जातं? मराठीत माणूस काढला की त्याच्यामागे क्रियापदं रडत बसतात. नाव बदलून भागत नाही; आला, बसला, खोकला, चिडका, दमलेला, सगळ्यांचं लिंग बदलावं लागतं. रात्री दोन वाजता मी वाचलं: 'आत्या मिशीला पीळ देत उठला.' मामीला तर कुणी हातच लावला नव्हता, त्यामुळे आत्याला बायको होती. महिनाभर मी एकेक मिशी उपटत होतो.

इतकं झाल्यावर प्रकाशकांचा पुन्हा फोन. त्यांच्याच दुसऱ्या कादंबरीत नायिका रमा निघाली होती. "नाव तेवढं बदला. सुनंदा करा. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम."

खरंच दोन मिनिटांत झालं. कॉम्प्युटरने 'रमा' दिसेल तिथे 'सुनंदा' केलं. पण 'रमेला', 'रमेचा' त्याला ओळखता आले नाहीत. त्यामुळे सुनंदा दार उघडायची आणि रमेचा नवरा आत यायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तेवढ्यावर थांबतं तर ठीक. गरमागरम भजी 'गसुनंदागसुनंदा' होता होता वाचली, ती 'गसुनंदागरम' झाली. आजोबांना परमार्थाची ओढ होती, ती 'पसुनंदार्था'ची लागली. करमाळ्याची एसटी 'कसुनंदाळ्या'ला सुटली. आणि भाडं मागायला दारात उभा राहिला तो घसुनंदालक.

एकेक शोधून सगळं हाताने नीट केलं. रविवारी बसून बायकोनेही केलं, म्हणजे हसून झाल्यावर.

परवा मुद्रितं आली. मुद्रितशोधक जुने, शिस्तीचे. पेन्सिलीने, बारीक अक्षरात खुणा. अनुस्वार, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी. पान ११७ च्या समासात लिहिलं होतं: 'येथे घसुनंदालक. पुढे पान २०३ वर घरमालक. व्यक्ती एकच वाटते. दोन्हींपैकी एक काय ते ठरवून सर्वत्र सारखे ठेवावे.'

मी बराच वेळ पेन्सिल धरून बसलो होतो. घसुनंदालक. दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

आतून आवाज आला, "कोण आलंय हो?"