फिल्टर बदलताना तेल सांडतं कुठून? इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तुमच्या तक्रारी चार. माझ्या आधीच्या लेखात सांगितल्याप्रमाणे ३५० सीसीच्या मोटरसायकलचा ऑइल फिल्टर बदलला, तरी पोर्चमधल्या कोटा फरशीवर तेल सांडलंच. दोन दिवसांनी फिल्टरच्या कव्हरच्या खालून पाझर दिसला. साइड स्टँडवर गाडी लावायला सांगणं साफ चूक, कारण पातळी चुकते. आणि फॉइलची पन्हळ, नवी ओ-रिंग (कव्हरखालची गोल रबरी रिंग) हे सगळे चोचले. नाक्यावरचा मिस्त्री एक चिंधी घेऊन दहा मिनिटांत काम उरकतो.

पहिली तक्रार मान्य. लेखात ‘तेल निथळलं की कव्हर उघडा’ एवढंच होतं. किती वेळ निथळू द्यायचं आणि कव्हर कसं सोडायचं हे राहून गेलं, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

तेल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट काढल्यावर रिकामा होतो तो संप, म्हणजे इंजिनच्या तळाची तेलाची जागा. फिल्टर बसतो ती जागा वेगळी. तिथलं तेल कागदाच्या घड्यांत आणि भोवती अडून राहतं, ते सावकाश उतरतं. म्हणून गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करायची, तेल भरायचं झाकण काढून ठेवायचं (वरून हवा शिरली नाही तर तेल गचके खात उतरतं), ड्रेन बोल्ट काढायचा आणि वीस मिनिटं गाडीला हात लावायचा नाही. तेवढ्यात बेंड पाइपही (इंजिनकडून सायलेन्सरकडे जाणारा) निवतो. गरम पाइपवर तेल पडलं की धूर होतो, आणि तो वास पुढचे कित्येक दिवस सिग्नलला थांबलं की येत राहतो.

आता कव्हर. तुमच्या वर्णनावरून ते उजवीकडे आहे, तीन बोल्टचं. अशा बहुतेक कव्हरांची ओ-रिंग सपाट चेपलेली नसते, ती भोकाच्या भिंतीला घासून बसलेली असते. त्यामुळे बोल्ट ढिले केले तरी थेंबही येत नाही. माणसाला वाटतं आत तेल उरलं नाही, तो तिन्ही बोल्ट काढून कव्हर ओढतो, ते चिकटून बसतं, मग एकदम सुटतं आणि सगळं तेल एका लोंढ्यात बाहेर. तुमच्या फरशीवर हेच झालं असणार.

यावर उपाय असा. खालचे दोन बोल्ट काढून घ्या. वरचा काढू नका, फक्त पाच-सहा फेरे सोडा. एम ६ बोल्टचा एक फेरा म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे कव्हरला ५-६ मिलिमीटर सरकायला जागा मिळते. मग हातोडीच्या लाकडी मुठीने कडेला हलकेच ठोका. खालची कड आधी उघडते, तेल बारीक धारेने येतं, आणि कव्हर वरच्या बोल्टला लटकलेलं राहतं. धार थांबली की वरचा बोल्ट काढा. स्क्रूड्रायव्हर खुपसून कव्हर उचकटू नका. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवी ओ-रिंगही तिथून गळते.

ही बारीक धार झेलायला पन्हळ लागते. जाड फॉइलची चौपदरी घडी करून कव्हरच्या खाली, बेंड पाइपच्या वर, अशी दाबून बसवायची की पुढचं टोक तसराळ्यात उतरेल. साँचीच्या दुधाची पिशवी उभी कापूनही छान पन्हळ होते, पण पाइप थंड असेल तरच. नाहीतर प्लास्टिक पाइपला चिकटतं आणि मग ते खरवडत बसा.

साइड स्टँडबद्दल आपण दोघंही बरोबर आहोत, फक्त वेगवेगळ्या वेळी. निथळताना आणि पातळी बघताना गाडी सरळ उभीच हवी. मधे, ड्रेन बोल्ट परत लावल्यावर, कव्हर उघडण्यापुरती साइड स्टँडवर घ्यायची. गाडी डावीकडे झुकते, उजवी बाजू वर येते आणि फिल्टरपाशी उरलेलं तेल बाहेर येण्याऐवजी आत सरकतं. फिल्टर डावीकडे असलेल्या गाडीला हे उलट पडेल, तिथे सरळच ठेवा. आणि स्प्लेंडर असेल तर हा प्रश्नच नाही, तिला बदलायचा कागदी फिल्टर नसतो.

ओ-रिंगचं मात्र पटत नाही. तापून थंड होत राहिलेलं रबर चपटं आणि कडक होतं. काढलेली रिंग नव्या रिंगेशेजारी ठेवून बघा, जुनीचा गोल छेद एका बाजूने सपाट झालेला दिसेल. तीच परत लावली तर पहिले दोन दिवस धरते, मग सोडते. नव्या रिंगेला ताजं तेल बोटाने चोळून लावा, कोरडी रिंग बसताना पीळ खाते किंवा कापली जाते. जुनी रिंग खोबणीतच चिकटून राहिली नाही ना, तेही तपासा. दोन रिंगा एकावर एक आल्या की गळती ठरलेली. फिल्टरचीही दिशा असते. खुणा बघून बसवा, उलटा बसला तर तेलाचा मार्गच अडू शकतो.

बोल्ट तिन्ही आधी हाताने टेकवा, मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एम ६ ला १० न्यूटन-मीटर पुरे होतात. छोट्या टी-पान्यावर मनगटाचा जोर, दंडाचा नाही. तुम्ही ‘कचकचून आवळले’ असं लिहिलंय, त्याचीच मला जास्त धास्ती आहे. आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावी लागते.

तेल पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा थोडं कमी घाला, जेएएसओ एमए२ प्रतीचं (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीची प्रत, डब्यावर लिहिलेली असते). गाडीतला क्लच तेलात बुडालेला असतो, कारचं तेल घातलं तर तो घसरू शकतो. एक मिनिट चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, गाडी सरळ धरून पातळी बघा आणि उरलेलं भरा. जास्त झालं तर तेल ब्रीदरमधून (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं.

मिस्त्रीचं काय, त्याचा हात बसलेला असतो. शिवाय त्याची जमीन आधीच तेल प्यालेली असते, आणि पाइपवर सांडलेलं तो पेट्रोलच्या चिंधीने पुसून टाकतो. तुमच्या कोटा फरशीला ते चालत नाही. तिच्यावर आता लाकडाचा भुसा पसरा, पायाने चोळा, रात्रभर ठेवून झाडा, मग कपड्याच्या पावडरचा घट्ट लगदा लावून ब्रशने घासा. घाईने पाणी ओतलंत तर डाग पसरेल.

जुनं तेल ‘नालीत गेलं’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्या नाल्या कान्ह नदीत उतरतात आणि कान्ह पुढे क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. ते नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून सर्व्हिस सेंटरला द्या. फिल्टर आणि चिंध्या कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका, ओल्या-सुक्यात नको.

राहिला पाझर. आधी खात्री करा की तो पाझरच आहे, सांडलेलं तेल फटीत अडकून अजून गळत नाही. कव्हर आणि खालचा भाग पुसून कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर शिंपडा, पाच मिनिटं गाडी चालू ठेवा आणि टॉर्चने बघा. पावडरीत ओली रेघ कव्हरच्या कडेपासून सुरू होत असेल तर ओ-रिंग बदला. एखाद्या बोल्टच्या डोक्यापासून असेल तर त्या बोल्टचे आटे किंवा वॉशर बघा. आणि कव्हर कोरडं राहून खाली ड्रेन बोल्टपाशी ओल दिसली, तर तिथे जुनंच वॉशर परत लावलं होतंत का, एवढं कळवा.