आधी गावच्या बाजारात, मग मुंबईत

गेल्या महिन्यात एका तरुण चित्रकाराचा फोन आला. अमरावतीकडचा मुलगा, नुकताच शिक्षण संपवून घरी आलेला. "ताई, मुंबईत पहिलं प्रदर्शन लावायचंय, कुठे अर्ज करू?" मी त्याला जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, आधी तुझ्या गावात लाव. तो गप्प झाला. ताई टाळतेय, असं त्याला वाटलं असावं. मी टाळत नव्हते. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबेल, पण वाचा.

माझे वडील पेंटर. आमच्याकडे पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. राळेगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांत भिंतींवरच्या कपाशी बियाण्यांच्या जाहिराती, शाळेतले सुविचार, बंड्यांवरची, म्हणजे बैलगाड्यांवरची, नावं त्यांच्या हातची. ते म्हणायचे, भिंतीवरचं अक्षर चालत्या बंडीतून वाचता आलं पाहिजे. फ्लेक्स आलं आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं काम संपलं. तरी त्यांची एक सवय माझ्यात उतरली. पाटी पुरी झाली की ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "काय लिहिलं हाय, वाचून सांगा बरं." माणसाने अडखळत वाचलं, तर अक्षर पुन्हा करायचे.

मी चित्रं काढायला लागले तेव्हा ही गोष्ट विसरले होते. सगळेच विसरतात. विदर्भातला चित्रकार नागपुरात शिकतो आणि डोळे मुंबईकडे लावून बसतो. त्याला तशी कारणंही आहेत. वासुदेव गायतोंडे 1924 साली जन्मले नागपुरात, पण चित्रकार म्हणून जगाला कळले ते मुंबईतून. सय्यद हैदर रझा 1939 ते 1943 नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबई आणि पुढे पॅरिस. जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली उघडली, तेव्हापासून आपल्याकडच्या किती पिढ्या तिथल्या भिंतीचं स्वप्न बघत आल्या. मीही बघितलं. जायला हवंच, तिथे चार चांगली चित्रं बघायला मिळतात, जाणती माणसं भेटतात. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका गॅलरीत माझी चित्रं लागली. सात दिवस. लोक चांगलं बोलले, दोन चित्रं विकलीही गेली. पण रोज कुणी ना कुणी विचारायचं, "तुम्ही यवतमाळच्या ना? मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर काही नाही का?" पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. पाचव्या दिवशी वाटलं, बरोबरच असेल, मी माझ्याच जिल्ह्याकडे पाठ फिरवून बसलेय. घरी आल्यावर मी तीन मोठे कॅनव्हास काढले. भेगाळलेली काळी जमीन, वर रिकामं आभाळ. पुढच्या वेळी त्यातले दोन पहिल्याच दिवशी गेले.

तिसरं माझ्याकडे राहिलं, आणि ते मी आजवर गावात टांगू शकले नाही. कारण काळ्या मातीत वाढलेल्या कुठल्याही माणसाला माहीत आहे की भेगा म्हणजे दुष्काळ नव्हे. आपली कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते. चैत-वैशाखात ती दरवर्षी भेगाळते, चांगलं पिकलेल्या वर्षीही भेगाळते. पाय अडकेल एवढ्या भेगा. मृगाचं पहिलं पाणी त्याच भेगांतून खोल जिरतं. म्हणजे जे चित्र मुंबईत दुःखाचं म्हणून विकलं गेलं, ते माझ्या गावासाठी मे महिन्यातलं साधं वावर होतं. मी ज्यांचं दुःख काढलं म्हणून पैसे घेतले, त्यांच्यासमोर ते चित्र उभं करायची हिंमत मला झाली नाही. हे लिहितानाही जड जातंय.

त्यानंतर मी ठरवलं, चित्र आधी इथे लावायचं.

पहिल्यांदा लावलं ते कापसाची शेवटची वेचणी संपून उलंगवाडी झाल्यावर, फेब्रुवारीत, शुक्रवारच्या बाजाराच्या दिवशी. बाजाराला लागून आमचं समाजमंदिर आहे. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत म्हणून बांबू उभे केले, बिछायत केंद्रातून पांढरे पडदे आणले आणि सुतळीने बावीस चित्रं टांगली. काचेची फ्रेम एकही ठेवली नाही, दारातून ऊन आलं की काचेत चित्राऐवजी बाजार दिसतो. दारात पाटी लावली, "चित्रं बघायला या." लोक चपला बाहेर काढून आले. काढू नका म्हटलं तरी काढल्या. भाजीच्या पिशव्या घेऊन बाया आल्या, शाळा सुटल्यावर पोट्टे आले, मेथीच्या ढिगापाशी दुसऱ्याला बसवून एक विक्रेतीही आली.

"लोकांना चित्र कळत नाही" हे वाक्य मी खूप ठिकाणी ऐकलंय, आपल्याच चित्रकारांकडूनही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात. वडशाकडे माझा मामा राहतो, लहानपणी त्याच्याबरोबर मी ती बघितली आहेत. पडदा उघडला आणि रंगवलेला वाडा किंवा जंगल दिसलं की मागच्या रांगेतली माणसंसुद्धा त्या पडद्याबद्दल बोलायची. आमच्याकडे पोळ्याला बैलाच्या शिंगाला कोणता रंग द्यायचा यावर घराघरांत वाद होतात. बघायची सवय लोकांना आहेच. आपण त्यांना आपलं चित्र दाखवलेलं नाही, एवढंच.

त्या दिवशी एक म्हातारे कास्तकार आले. खांद्यावर दुपट्टं, हातात बाजाराची थैली. डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधून बैलांनी डवरा (कोळपं) ओढण्याच्या, चित्रापुढे थांबले. त्या चित्रात बैलजोडी, मागे डवरा धरलेला माणूस आणि चहूकडे पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फुटलेल्या बोंडांचा पांढरा. मुंबईत याच चित्राचं सगळ्यात जास्त कौतुक झालं होतं. बराच वेळ बघून त्यांनी मला हाक मारली.

"पेंटरची पोरगी न तू? तुह्या बापानं आमच्या बंडीवर नाव लिहिलं होतं." मग चित्राकडे बोट केलं. "पोरी, बोंडं फुटल्यावर डवरा कोन चालवते वं? तवा पऱ्हाटी एवढी पसरते का तासात बैल घुसतच नाही."

मी काही बोलायच्या आत ते आणखी जवळ गेले. "अन् बैलाच्या तोंडाले मुसकं काहून नाही? पऱ्हाटी खाऊन टाकन ना तो."

बरोबर होतं. डवरणी आषाढ-श्रावणातली, पीक गुडघ्याएवढं असतानाची. बोंडं फुटतात दिवाळीच्या आसपास. मला चित्रात पांढरा हवा होता म्हणून मी दोन ऋतू एकत्र आणले होते. चित्रकाराला तेवढी मुभा आहे, असं मी आजही मानते. पण मी ते जाणूनबुजून केलं नव्हतं. मुसकं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गुडघाभर पिकात बैल घालताना तोंडाला जाळी बांधतात हे मी लहानपणी रोज बघितलेलं, आणि स्टुडिओत बसून तेच विसरले. मुंबईत सात दिवसांत शेकडो लोकांनी ते चित्र बघितलं, त्यातल्या कुणाला ते खटकायचं कारणच नव्हतं.

दुसरी एक बाई आठवते. खुंटीला टांगलेलं एक दुपट्टं, एवढंच असलेलं माझं लहानसं चित्र आहे. मी ते कुणाला समजावून सांगत नाही, खाली नावही लिहिलेलं नाही. ती शेजारच्या गावची, मी तिला ओळखत नव्हते. उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "हे धुतलेलं हाय." मी म्हटलं, हो, घड्या तशाच काढल्यात. ती म्हणाली, "मी दोन वर्सं धुतलं नाही." आणि मेथीची जुडी सावरत निघून गेली.

आत्महत्यांवर काही नाही का, असं विचारणाऱ्यांना मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. पण ते उत्तर माझं नव्हतं, त्या बाईचं होतं. त्या दुपट्ट्याचं चित्र मी विकायला काढलेलं नाही.

चित्र आधी गावातल्या माणसांसमोर लावायचं, हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. आमच्यापासून जवळ, वर्ध्याला, सेवाग्राममध्ये 1936 पासून गांधीजी राहत होते. 1938 च्या, गुजरातमधल्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं आणि बोस यांनी अधिवेशनाच्या जागेसाठी चित्रं काढली. हातकागदावर मातीचे रंग, आणि चित्रांत नांगर धरलेला शेतकरी, ढोल वाजवणारा, रोजची कामं करणारी माणसं. ती लावली अधिवेशनाच्या जागीच, येणाऱ्या-जाणाऱ्या गावकऱ्याला सहज दिसतील अशी. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. पण त्यांची पहिली भिंत अधिवेशनाच्या मांडवातली होती. सेवाग्रामला गेलात तर गांधीजींच्या बापूकुटीत त्यांच्या शिष्या मीराबेनने मातीत उठवलेली ताडाची झाडं बघा. भिंतीच्याच मातीची, वेगळा रंग नाही. मी दरवेळी तिथे जरा जास्तच थांबते.

पैशाचं विचारणारे विचारतील. विचारायलाच हवं, चित्रकारालाही पोट आहे. मूळ चित्राची किंमत मी गावात कमी करत नाही. फुकट वाटतही नाही, फुकट मिळालेलं कपाटामागे जातं. पण काही चित्रांच्या चांगल्या कागदावर प्रिंट काढून ठेवते, दोनशे रुपयांना एक. पहिल्या बाजाराला अकरा गेल्या. एकाने बैलजोडीची प्रिंट हातात धरली आणि म्हणाला, "घरात कापूस पडला हाय, भाव आला का देतो." मी दिली. मार्चच्या शेवटी तो स्वतः दोनशे रुपये घेऊन आला आणि मोबाईलमधला स्वतःच्या बैलाचा फोटो दाखवून, याचं चित्र किती घेशील म्हणून विचारलं. ते चित्र आता त्याच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे. माझं कुठलं चित्र रोज किती माणसं बघतात याचा विचार केला, तर हेच पहिलं येईल.

पोरांचंही सांगते. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं स्मरणचित्रात दोन डोंगर, मधून सूर्य आणि शेजारी नारळाचं झाड काढतात. आमच्या पंचक्रोशीत नारळ शोधायला जावं लागेल. बाजाराच्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, आपल्या गावचं काढलं त मार्क कापतात का?" मी नाही म्हटलं. ती पुढच्या बाजाराला वही घेऊन आली. कापूस तोलायचा काटा काढला होता, साखळ्यांसकट.

ग्रामपंचायतींना माझं एकच मागणं आहे. समाजमंदिराची किल्ली द्या, आणि दोन चांगले बल्ब लावा. बांबू आणि सुतळी आम्ही आणतो. आणि त्या अमरावतीकडच्या मुलाला सांगते, प्रदर्शनाच्या दिवशी चित्रापासून चार पावलं लांब उभा राहा. लगेच समजावायला जाऊ नको. माणूस आधी बघेल, मग बोलेल, आणि तो जे बोलेल ते तुला कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही. मग खुशाल मुंबईला जा. तिथे कुणी वेडावाकडा प्रश्न विचारला तर तुझ्या पाठीशी अख्खा बाजार असेल.

डवरणीचं ते जुनं चित्र मी बदललं नाही, पण शेजारी टांगायला नवं सुरू केलंय. पीक गुडघ्याएवढं, मातीचा ओला काळा, बैलांच्या तोंडाला मुसकं. ते कशाचं काढायचं यावर अडले होते, म्हणून परवा त्या म्हाताऱ्या काकांना फोन केला. ते थोडा वेळ थांबले.

"आता नायलॉनचं असते," म्हणाले. "पन तू जोडी कोनती काढून राहिली? आताची काढत असशीन त नायलॉनचं काढ. माही जुनी जोडी काढत असशीन, त अंबाडीच्या दोरीचं काढजो."