कालवांना ऊन सोसतं, पण किती?

एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: कालवं, शिंपले, तिसऱ्या कोट्यवधी वर्षं टिकून आहेत. रोज ओहोटीला त्या उन्हात भाजतात, भरतीला गार होतात. मग एक-दोन अंशांच्या तापमानवाढीने त्यांचं काय बिघडणार? उलट हवेत कार्बन वाढला तर कवचाला कच्चा माल जास्त मिळेल. कमजोर जीव मरतील, दणकट उरतील, आणि फारच तापलं तर सगळे उत्तरेकडे सरकतील.

यातली सुरुवात खरी आहे, आणि पुढचं सगळं तिच्याच जोरावर खपतं.

ते ऊन सोसतात, हे कबूल. पण कसं? पाणी उतरलं की शिंपला दोन्ही झडपा गच्च मिटतो. आत प्राणवायू तुटपुंजा उरतो, तेव्हा शरीर त्याच्याविना ऊर्जा काढू लागतं. त्यातून आम्ल साचतं आणि त्याचा जोर मारायला हा जीव स्वतःच्याच कवचाचा आतला चुना थोडा थोडा विरघळवतो. उष्णतेने शरीरातली प्रथिनं विस्कटतात. ती ताळ्यावर आणायला वेगळी संरक्षक प्रथिनं बनवावी लागतात आणि त्याचा खर्च वाढीतून, अंड्यांतून वळता होतो. आग्नेय आशियातल्या कातळांवर एकायनोलिटोरिना नावाच्या चिमुकल्या गोगलगायी आहेत. दगड तापला की त्या चिकट स्रावाने कवचाची कड दगडाला डकवतात, पाय आत ओढून घेतात आणि नुसत्या त्या कडेवर तासन् तास टिकून राहतात. तापल्या दगडाला अंग लागू नये एवढ्यासाठी ही धडपड. म्हणजे सोसण्याची किंमत हे जीव आजच मोजत आहेत, आणि आणखी मोजायला त्यांच्यापाशी फारसं शिल्लक नाही.

आता 'एक-दोन अंश'. ही वाढ सरासरीची असते. शिंपला सरासरीने मरत नाही, एखाद्या दुपारी मरतो. २०२१ च्या जून अखेरीस कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली. २९ जूनला ब्रिटिश कोलंबियातल्या लिटन गावात ४९.६ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावरची हवा त्या मानाने गार होती, पण त्याच दिवसांत मोठ्या ओहोट्या ऐन दुपारच्या वेळेला आल्या. उघड्या पडलेल्या खडकांचं तापमान ५० अंशांपुढे गेलं. तिथला शिंपला तिशीच्या वरच्या टोकापर्यंतचं तापमान थोडा वेळ काढू शकतो, त्यापुढे नाही. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ख्रिस हार्ले यांचा अंदाज आहे की त्या लाटेत किनाऱ्यावरचे एक अब्जाहून अधिक जीव मेले. झडपा उघड्या पडलेले शिंपले आणि किनाऱ्यावर कुजट वास. त्याच खडकांच्या सावलीच्या बाजूचे शिंपले मात्र बऱ्यापैकी वाचले.

माझ्या मते इथेच त्या मजकुराचा पाया ढासळतो. जगणं-मरणं ठरतं ते ऊन आणि ओहोटी यांची वेळ जुळते की नाही यावर. सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रायन हेल्मुथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्याच्या आकाराचे तापमापक खडकांवर बसवले. २००२ साली त्यांनी दाखवलं की उत्तरेकडच्या काही जागांवरचे शिंपले दक्षिणेतल्या कॅलिफोर्नियाच्या शिंपल्यांपेक्षा जास्त तापतात, कारण उत्तरेत उन्हाळ्यातली मोठी ओहोटी दुपारी येते. आपल्याकडे याचा उलटा फायदा आहे. मुंबईत पावसाळ्यात महापालिका मोठ्या भरतीचा इशारा देते ती वेळ आठवा: बहुतेकदा बारा-एकच्या आसपास. म्हणजे उधाणाची खोल ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातला पडते आणि खालच्या थरातली कालवं भर दुपारी पाण्याखाली राहतात. पण हे झालं अमावास्या-पौर्णिमेचं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत दुपारी ओहोटी असते. ती खोल नसते, पण वरच्या खडपावरचे जीव मे महिन्याच्या उन्हात उघडे पडतात. कोकणातल्या कालवांविषयी 'त्यांना सवय आहे' म्हणणाऱ्याने निदान एवढा हिशेब करायला हवा.

कार्बनचा मुद्दा थोडक्यात निपटतो, कारण तो सरळ उलटा आहे. समुद्रात कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाणी आम्लतेकडे झुकतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी होतं. शिवाय कवच घडताना कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडतो. ओरेगनमधल्या व्हिस्की क्रीक या कालवं-उबवणी केंद्रात २००७-०८ च्या सुमारास पिल्लं मोठ्या संख्येने मरू लागली. खोल समुद्रातून वर आलेलं, आम्लतेकडे झुकलेलं पाणी हे कारण पुढे सापडलं, आणि केंद्राला पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, मिसळावा लागला. उघड्या समुद्रात सोडा कोण टाकणार?

'दणकट उरतील' हे ऐकायला बरं वाटतं. पण २००३ मध्ये जीवशास्त्रज्ञ जोनाथन स्टिलमन यांनी किनाऱ्यावरच्या पोर्सेलीन खेकड्यांवर काम करून दाखवलं की सगळ्यात जास्त उष्णता सोसणाऱ्या जातींनाच आणखी जुळवून घ्यायला सगळ्यात कमी वाव असतो. त्या आधीच आपल्या मर्यादेला टेकलेल्या असतात. शिंपल्यांची पिल्लं तर पाण्यावर वाहत दूर जातात, त्यामुळे एका खडकावर वाचलेल्यांचा कणखरपणा त्याच खडकावर परत येईल याची खात्री नाही.

राहिलं सरकणं. उत्तर म्हणजे गार असं नसतं, हे हेल्मुथ यांच्या तापमापकांनी दाखवलंच. उन्हाला टाळून खडकावरच खाली उतरावं, तर पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर खाली शिंपले खाणारे तारामासे असतात. वरून ऊन, खालून तारामासा, आणि मधला पट्टा आक्रसत जातो. आपल्या अरबी समुद्रात तर उत्तरेला गुजरात, सिंध, मकराण आणि मग जमीनच. तिथून पुढे सरकायला पाणी नाही.