धुणार कोण ते आधी ठरवा

स्वयंपाकघरातल्या उपकरणांवरच्या या लेखात म्हटलंय की मिक्सर आणि कुकर सोडले तर बाकी सगळी उपकरणं म्हणजे ओट्यावरची अडगळ. अर्धं पटलं, पण सरसकट एकाच माळेत नका ना ओवू! कुकर तरी का चालतो, तर आत दाब वाढला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशाला उकळतं म्हणून कडधान्यं झटपट शिजतात, साध्या पातेल्याला ते जमतच नाही. इंडक्शन शेगडीत उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते, फक्त बुडाला लोहचुंबक चिकटायला हवं, नाहीतर भांडीही नवी घ्या, हे विकणारे सांगत नाहीत.

उलट एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हनच की. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा ओव्हन घरात असेल तर हा कशाला हवाय? लवकर तापतो हे मान्य, पण तळणाची चव येईल या आशेवर घेणार असाल तर राहू द्या.

आणि तो फूड प्रोसेसर! एका कांद्यासाठी बाहेर काढा, जोडा, मग पातं धुवा, भांडं धुवा, झाकणाच्या खाचेत अडकलेले तुकडे जुन्या टूथब्रशने उकरत बसा, तेवढ्यात सुरीने चार कांदे चिरून झाले असते. पण ज्यांना संधिवात आहे, मनगटं दुखतात त्यांना तेच मशीन चैन नाही, गरज आहे, लेखात त्यांचा विचारच नाही राव.

बाकी ते दोरी ओढायचं चॉपर कोणी रोज वापरतंय का? दोरी टिकते किती?