ठसका लागला म्हणजे नस मोकळी होत नाही, बापा!

"लकव्यात घसा सुकतो. पेशंटला आडवे निजवून कोमट पाण्यात तूप टाकून घोट घोट पाजा. ठसका लागला तर घाबरू नका, नस मोकळी होत आहे."

पाच मुद्द्यांचा मेसेज. वर मथळा 'घशाचे सत्य, जे डॉक्टर सांगत नाहीत' आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर आला. कोणी टाकला ते शेवटी सांगतो.

एरवी मी असलं काही पुसून मोकळा होतो. या वेळी ते माझ्या मोठ्या आईनं वाचलं. मोठेबाबांना लकवा मारून नऊ दिवस झाले होते, दवाखान्यातून नुकतंच घरी आणलं होतं. मोठी आई गडवा घेऊन बाजेशी बसली आणि दोन दिवस पाजत राहिली. ठसका लागला की तिला बरं वाटे. नस मोकळी होऊन राहिली ना! तिसऱ्या दिवशी ताप, छातीत घरघर, पुन्हा गाडी करून यवतमाळ. उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया निघाला.

म्हणून हा वरचा, म्हणजे मेसेजमधला दुसरा मुद्दा आधी घेतो. पहिला, 'घशात एकच नळी असते, पोटात जायचे ते आपोआप जाते', त्यातच निकालात निघतो.

नाका-तोंडाच्या मागे बारा-चौदा सेंटिमीटरची पोकळी आहे, तिला ग्रसनी म्हणतात. तिचा तोंडामागचा भाग सामाईक, हवा आणि अन्न दोन्ही तिथूनच जातात. खाली मात्र दोन वाटा फुटतात. पुढे स्वरयंत्र आणि श्वासनलिका, मागे अन्ननलिका. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासाचं दार ओलांडूनच मागे जावं लागतं. ज्यानं ओलित केलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. एका दांडाचं, म्हणजे पाटाचं, तोंड मातीनं बुजवल्याशिवाय पाणी दुसऱ्या दांडात वळत नाही.

गळ्याच्या घाटीवर बोट ठेवून थुंकी गिळून पाहा. घाटी वर सरकते. त्याच वेळी टाळूचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते, स्वरयंत्रावर झाकणी कलते, आतल्या स्वरपट्ट्या मिटतात, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे सारं जेमतेम एका सेकंदात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या पाच जोड्या यात राबतात. लकव्यात मार मेंदूला बसतो आणि हा मेळ चुकतो. घसा 'सुकणे' वगैरे काही नाही. वाट बुजायच्या आत पाणी येऊन पोहोचतं आणि फुफ्फुसात उतरतं. उजवीकडची श्वासनळी जास्त रुंद आणि सरळ, म्हणून बरेचदा उजवीकडेच. घट्ट कण्यांपेक्षा पातळ पाणी जास्त घातक, कारण ते धावतं. हे आमच्याकडे कोणाला सांगूनही पटत नाही, "पाण्यानं काय होते जी?"

ठसका ही पहारेकऱ्याची बोंब आहे. ती ऐकून आणखी पाजायचं? आणि कित्येक पेशंटमध्ये घशाची जाणीवच गेलेली असते. पाणी छातीत जातं आणि ठसकाही लागत नाही. घरच्यांना वाटतं, छान पिऊन राहिले.

अमेरिकेच्या हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. लकव्याच्या पेशंटला अन्न, पाणी, तोंडावाटे गोळीसुद्धा देण्याआधी गिळण्याची तपासणी करावी, असं त्यात आहे. गोळीसुद्धा! आणि इथे पडल्या पडल्या तूपपाणी.

"मग काय उपाशी मारू त्याले?" मोठी आईनं विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि आम्हाला घरी पाठवताना त्याचं उत्तर कोणीच नीट दिलं नव्हतं. आधी नाकातून जेवणाची नळी होती. आता पाठीला उशा लावून ताठ बसवतो, वरण घोटून घट्ट करतो, चमचा अर्धाच भरतो, पहिला घास उतरल्यावर दुसरा, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास निजू देत नाही. हे मोठेबाबांना तपासून ठरवलेलं आहे. तुमच्या माणसाचं त्याला तपासणाऱ्याकडून ठरवून घ्या.

तिसरा मुद्दा, जुन्या खोकल्यावर पडजीभ अंगठ्याला मीठ लावून दाबा नाहीतर छाटून घ्या. पडजीभ लोंबतेच, तिची जागाच ती. नाकाची वाट बंद करायच्या कामात ती सामील असते. सुजली तर सुजण्याचं कारण शोधा. आणि कृपा करून लेकरांच्या घशात अंगठे घालू नका.

पाचवा मुद्दा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि जेवताना न बोलणे. हे बरोबर आहे, कबूल. दुखऱ्या घशाला गुळण्यांनी आराम पडतो. बोलताना स्वरपट्ट्या आणि श्वास चालू असतो, त्यात घास आला की ठसका. आजी हेच सांगायची, फुकट.

राहिला चौथा. 'खर्रा थुंकला, गिळला नाही, तर घशाला काही होत नाही.' पन्नीत घोटलेला तंबाखू, सुपारी, चुना अर्धा तास गालात ठेवल्यावर त्याचा रस काय थुंकणाऱ्याला विचारून उतरतो? काही तर तिथल्या तिथेच मुरतो. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली छापलं आहे. त्याआधी तोंड आखडतं. तीन बोटं उभी मावेनाशी होतात, तिखट लागलं की आग होते, पुढे हे टाळू-घशापर्यंत पोहोचलं की गिळणंही जड जातं. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, गिळताना एकाच कानात कळ येऊ लागली, मानेत गाठ लागली, तर काढे पीत बसू नका.

मेसेज टाकणारे आमचे भाटवे, म्हणजे बहिणीचे यजमान. दिवसाला सहा-सात खर्रे. परवा जेवताना त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, पोळीचा घास आडवा करून सरकवत होते. "बोटं घालून दाखवा," म्हटलं. दोनच गेली. सोमवारी त्यांना घेऊन जातो आहे. ग्रुपवर माझ्याबद्दल जे लिहायचं ते तोवर लिहा.