अ‍ॅशचे आठही बॅज 'भिकेतले' म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. पोकेमॉन या जपानी कार्टूनमधल्या, पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवणाऱ्या अ‍ॅशबद्दलचा. मजकूर थोडक्यात असा: कँटो प्रदेशातले आठही जिम बॅज (जिमचे लीडर देतात ते बिल्ले) अ‍ॅशला दयेपोटी मिळाले, एकही त्यानं लढून घेतला नाही. तसेही हे बॅज नुसते शोभेचे. बॅज भिकेतले होते म्हणूनच त्याचा चॅरिझार्ड हा पोकेमॉन त्याचं ऐकत नव्हता. आणि पंचवीस वर्षं वणवण करून हा पोरगा जिंकला काय, तर काहीच नाही. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

माझा भाचा बेळगावच्या टिळकवाडीत राहतो, सहावीत आहे. खडेबाजारातून घेतलेला आठ बॅजांचा डबा तो उशाला घेऊन झोपतो. थंडर बॅजचा नारिंगी रंग उडालाय, सोल बॅजची पिन तुटली म्हणून आईची सेफ्टीपिन लावलीय. त्यानं मला विचारलं, "मामा, हे खरं हाय काय?" म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे की, आपल्याला काय.

आधी 'एकही लढून नाही' हे बघू. थंडर बॅजवाल्या व्हर्मिलियनच्या जिम लीडरकडे, लेफ्टनंट सर्जकडे, अ‍ॅश पहिल्यांदा हरला, चांगला हरला. त्याचा पोकेमॉन पिकाचू सर्जच्या रायचूचा मार खाऊन दवाखान्यात गेला. तिथं त्याच्यासमोर थंडर स्टोन आला. लावला असता तर तोही रायचू झाला असता, ताकद वाढली असती. पिकाचूनं नको म्हटलं. दुसऱ्या खेपेला अ‍ॅशनं हिशेब मांडला तो असा: सर्जनं आपल्या पिकाचूला घाईनं रायचू करून टाकलं होतं, त्यामुळे चपळाईचे डाव त्याला येतच नव्हते. मग रायचूला पळवून पळवून दमवलं आणि पाडलं. यात दया कुठं आली? सोल बॅजवाल्या कोगाच्या जिममध्ये टीम रॉकेट या पोकेमॉनचोर टोळीनं मधेच गोंधळ घातला खरा, पण तो निस्तरल्यावर कुस्ती पुन्हा लागली आणि चार्मेंडरनं (हाच पुढे चॅरिझार्ड झाला) फायर स्पिनमध्ये कोगाच्या गोल्बॅटला गुंडाळलं. व्होल्कॅनो बॅजवाल्या ब्लेनकडे तर ज्वालामुखीच्या तोंडावर सामना. पहिल्या वेळी पिकाचू लाव्ह्यात पडेल म्हणून अ‍ॅशनं स्वतःच हार मानली. नंतर चॅरिझार्डनं ब्लेनच्या मॅगमारला सिस्मिक टॉसनं आपटलं.

म्हणजे थंडर, सोल, व्होल्कॅनो हे तीन निखळ. मेसेज इथंच खोटा पडतो.

आता उरलेले. मेसेजवाल्याला अर्धं खरं सापडलंय आणि ते त्यानं पूर्ण म्हणून विकलं. केस्केड बॅजचा सामना टीम रॉकेटनं मोडला, निकाल लागलाच नाही, ती जिम चालवणाऱ्या मिस्टीच्या बहिणींनी बॅज देऊन टाकला. रेनबो बॅज जिमला आग लागली तेव्हा अ‍ॅशनं लीडर एरिकाच्या ग्लूम या पोकेमॉनला बाहेर काढलं म्हणून. मार्श बॅज तर हाँटर या भुतासारख्या पोकेमॉननं लीडर सबरीनाला हसवलं म्हणून! आणि अर्थ बॅज हे वेगळंच प्रकरण: तिथला वस्ताद जिओवानी उठून गेला होता, त्याच्या खुर्चीत टीम रॉकेटचे जेसी-जेम्स बसले, त्यांनी असा कट केला की पोकेमॉनला बसलेला मार अ‍ॅशलाही लागावा. तो मार खात अ‍ॅश जिंकला. पण वस्तादाशी नाही, वस्तादाच्या जागी बसलेल्यांशी. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी भिकेत मोजणार नाही.

पण मला थांबायचंय ते पहिल्याच बॅजवर, कारण टिंगल सगळ्यात जास्त त्याची होते. "स्प्रिंकलरच्या पाण्यानं जिंकला." ब्रॉकच्या जिममध्ये पिकाचूच्या विजेनं आग लागली, छतातून पाणी सुटलं, ब्रॉकचा दगडाचा पोकेमॉन ओनिक्स भिजून ढेपाळला. एक दणका दिला असता तर काम झालं असतं. ब्रॉकची लहान भावंडं अ‍ॅशला येऊन बिलगली, आणि अ‍ॅशनं सामना सोडला. पाण्यामुळे झालेली जीत मला नको म्हणून तो बाहेर पडला. बॅज न घेता. ब्रॉक मागून गेला आणि त्यानं तो हातात ठेवला. म्हणजे ज्या पाण्याची टिंगल चाललीय, त्या पाण्याचा फायदा त्यानं घेतलाच नव्हता.

आपल्याकडे जिम म्हटलं की डंबेल आणि आरसे डोळ्यांसमोर येतात, म्हणून घोटाळा होतो. जिमच्या जागी तालीम म्हणा, लीडरच्या जागी वस्ताद म्हणा, सगळं सरळ होतं. आनंदवाडीच्या आखाड्यात ज्यांनी उन्हात बसून कुस्त्या बघितल्यात त्यांना सांगायला नको. चितपट झाली की हलगी कडाडते, ते खरंच. पण बरोबरीत सुटलेल्या कुस्तीनंतरही एखादा जुना पैलवान उठून पोराच्या पाठीवर थाप मारतो, खिशातून नोट काढून देतो, आणि त्या नोटेला कोणी भीक म्हणत नाही. ती पारख असते. बॅज द्यायचा की नाही हे जिम लीडर ठरवतो, आणि अ‍ॅनिमेत तो कशावर ठरवावा याचं एकच माप नाही. ऑरेंज बेटांवर तर हे उघडच आहे: मिकान बेटावर लीडर सिसी पाण्याच्या फवाऱ्यानं नेम धरायला लावते, नेव्हल बेटावर लीडर डॅनी गरम पाण्याचं कारंजं गोठवायला, बर्फाची घसरगाडी कोरायला आणि ती घेऊन डोंगर उतरायला सांगतो. तिथं कुणाला 'चितपट कुठाय?' असं विचारावंसं वाटत नाही.

'नुसते शोभेचे' हे ज्यानं लिहिलं त्यानं मूळ व्हिडिओ गेम हातात धरलेला दिसत नाही. 1996 साली जपानमध्ये निघालेल्या पहिल्या गेममध्येच बॅज हा परवाना आहे. केस्केड बॅज नसेल तर झाड कापायचा 'कट' हा डाव लढाईबाहेर वापरता येत नाही, आणि सर्जच्या जिमपुढे तसलंच एक झाड वाट अडवून उभं. सोल बॅजशिवाय पाण्यावरून जायचा 'सर्फ' नाही, म्हणजे समुद्र बंद. शेवटी लीगच्या वाटेवर पहारेकरी एकेक बॅज तपासतात. शिवाय काही बॅज पोकेमॉनच्या अंगच्या ताकदीत आठव्या हिश्शाची भर घालतात. यात एक गंमत आहे: थंडर बॅजनं वेग वाढतो असं सर्ज सांगतो, प्रत्यक्षात वाढतो बचाव, आणि सोल बॅजचं नेमकं उलटं. बनवणाऱ्यांकडूनच अदलाबदल झालीय.

चॅरिझार्डचा मुद्दा तर आपल्याच पायात पाय घालून पडतो. बॅज शोभेचे असतील तर त्यांच्यावाचून पोकेमॉन ऐकत नाही हे कसं? खरी भानगड अशी की आज्ञेचा नियम गेममधला आहे, आणि जुन्या गेममध्ये तोही फक्त दुसऱ्याकडून अदलाबदलीत आलेल्या पोकेमॉनला लागू. केस्केड बॅजवर तिसाव्या लेव्हलपर्यंतचे ऐकतात, रेनबोवर पन्नास, मार्शवर सत्तर, अर्थवर सगळे. स्वतः पकडलेला पहिल्या दिवसापासून ऐकतो. अ‍ॅनिमेत इंडिगो लीग या मोठ्या स्पर्धेत रिची या प्रतिस्पर्ध्यासमोर चॅरिझार्डनं लढायला नकार दिला तेव्हा अ‍ॅशकडे आठ बॅज होते. त्याची मर्जी बॅजावर चालत नव्हती. ब्लेनकडे तो लढला, कारण मॅगमार त्याला तोडीस तोड वाटला. असला एखादा बैल खानापूरकडे कुणाच्याही गोठ्यात सापडेल.

आणि बॅजांची संख्याच मोजायची असेल तर त्याचा जुना प्रतिस्पर्धी गॅरी याच्याकडे दहा होते, दहा. इंडिगो लीगमध्ये तो शेवटच्या बत्तिसात गारद. आठ बॅजवाला अ‍ॅश शेवटच्या सोळात पोचला.

'काहीच जिंकला नाही' याला फार शब्द घालवत नाही. ऑरेंज लीग जिंकली. 2019 मध्ये अलोला लीग जिंकली, आणि गंमत म्हणजे अलोलात बॅजची पद्धतच नव्हती. नोव्हेंबर 2022 मध्ये तेव्हाच्या विजेत्या लिऑनला हरवून जगज्जेता झाला. मेसेज जुना असेल, फिरवणाऱ्यांनी तारीख बघितली नाही एवढंच.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. त्यानं डबा उघडला असावा, कारण पत्र्यावर पत्रा आपटल्याचा आवाज आला. तीन एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. मग म्हणाला, "मामा, अर्थवाला कुठं ठेवू?"

मी म्हटलं, तूच बघ की.

"झाकणात ठेवतो," म्हणाला.