ऑशवित्झच्या रुळावर फोटो काढला तर काय बिघडतं? त्या फॉरवर्डला उत्तर

युरोप टूरचा सीझन आला की हा मेसेज फिरायला लागतो. आमच्या दोन फॅमिली ग्रुपवर आणि एका सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेला, म्हणजे तुमच्याकडेही आलाच असेल. कोणीतरी पोलंडला जाऊन आलंय, ऑशवित्झ-बिर्केनाऊला, म्हणजे नाझींनी ज्यूंना मारलं त्या छळछावणीत, रुळावर तोल सांभाळत हात पसरून फोटो काढत होतं, तिथल्या गाईडने झापलं, आणि मग हॉटेलवर येऊन रागाच्या भरात हे लिहिलंय. म्हणणं थोडक्यात असं: तिथे फोटोला बंदी, हसायला बंदी. रूळ लोखंडाचे, चालून काय झिजणार. निम्मं सगळं नंतर बांधलेलं, गेटवरची 'कामाने मुक्ती मिळते' ही पाटीसुद्धा डुप्लिकेट. एक खडा खिशात टाकला तर आकाश कोसळत नाही. दुःखाचा धंदा मांडलाय नुसता. तिथून जिवंत सुटलेली माणसं स्वतः तिथे नाचलीत आणि बर्लिनच्या स्मारकाचा आर्किटेक्ट म्हणतो खुशाल बागडा. आणि शेवटी ठेवणीतला मुद्दा, आपल्या कोल्हापूरने या पोलिश लोकांना हिटलरपासून वाचवलं, हे काय आपल्याला शिकवणार. खाली टाळ्यांचे इमोजी, आणि सहमत सहमत सहमत.

एकेक घेऊया.

फोटोला बंदी नाहीये. स्वतःसाठी फोटो काढता येतात, फ्लॅश नको आणि ट्रायपॉड नको एवढंच. सक्त मनाई आहे ती दोन जागी, ब्लॉक ११ च्या, म्हणजे कॅम्पमधल्या तुरुंगाच्या, तळघरात आणि ब्लॉक ४ मधल्या केसांच्या खोलीत. काचेमागे साधारण दोन टन केस आहेत, मारलेल्या माणसांचे कापून घेतलेले, कारखान्यांना विकायला पोत्यात भरून ठेवलेले. बाकीच्या वस्तूंवर म्युझियमवाले जिवापाड मेहनत घेतात पण केसांना ते हात लावत नाहीत, ते मानवी अवशेष आहेत, त्यांचं आपोआप जे व्हायचं ते होऊ द्यायचं असं ठरलंय. तिथे मोबाईल बाहेर काढू नका हे कोणाला सांगावं लागतं यातच सगळं आलं. आणि हसायला बंदी असा कुठलाही नियम नाही. शांतता राखा म्हणतात, तेवढं तर आपण हॉस्पिटलमध्येही ऐकतो.

आता रूळ. मला वाटतं मेसेज लिहिणाऱ्याला हे रूळ कसले आहेत हेच कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा ते अँगल शोधत होते. बिर्केनाऊच्या गेटमधून आत जाणारा तो फाटा १९४४ च्या वसंतात घाईघाईने टाकला. त्याआधी गाड्या दोन कॅम्पच्या, म्हणजे पहिलं ऑशवित्झ आणि नंतरचं मोठं बिर्केनाऊ यांच्या, मधे बाहेर थांबायच्या. हंगेरीतून एवढी माणसं आणायची होती की बाहेरून आत चालवत नेण्यात वेळ जात होता, म्हणून रूळ थेट आत, गॅस चेंबरच्या जवळपर्यंत नेले. मे ते जुलै १९४४, दोन महिनेसुद्धा पूर्ण नाहीत, तेवढ्यात हंगेरीतून चार लाखांवर ज्यू या फाट्यावर उतरवले आणि त्यातल्या बहुतेकांना कॅम्पमध्ये नोंदसुद्धा न करता त्याच दिवशी मारलं. हे उतरवणं चालू असताना एसएसच्याच, म्हणजे कॅम्प चालवणाऱ्या नाझी दलाच्या, लोकांनी फोटो काढलेत, ते आज उपलब्ध आहेत, त्यात बायका, पोरं, म्हातारी माणसं त्याच रुळांशेजारी उभी आहेत. आणि आपण तिथे एका पायावर उभे राहून व्ही ची खूण करणार.

म्युझियमने मार्च २०१९ मध्ये असे फोटो दाखवून जाहीरपणे सांगितलं होतं की दहा लाखांवर माणसं मारली गेली त्या जागी तुम्ही उभे आहात, तोल सांभाळायची प्रॅक्टिस करायला याहून बऱ्या जागा आहेत. मला तर हे फारच सभ्य भाषेत वाटलं.

राहिला झिजण्याचा मुद्दा. रूळ नाही झिजणार, मान्य. पण एकट्या २०१९ मध्ये तिथे २३ लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली. पहिल्या कॅम्पमधल्या ब्लॉकचे जिने नीट बघा, पायऱ्या मधोमध खोलगट झाल्यात, लोकांच्या बुटांनी. आणि बिर्केनाऊच्या विटांच्या बराकी तर मुळात टिकायला बांधल्याच नव्हत्या. तिथल्या गावातली माणसं हाकलून दिली, त्यांची घरं पाडली, त्याच विटा वापरून पाणथळ जमिनीत धड पाया न घालता कैद्यांकडून पातळ भिंती उभ्या करून घेतल्या. आज त्या भिंती कलतात. काही बराकींवर अख्खा तंबू ठोकून आत काम करावं लागलं, वीट न वीट तपासून. बरं, दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी करून चकाचक नाही करायची, १९४५ मध्ये जशी होती तशी थांबवून ठेवायची, हे काम नवीन बांधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. त्याच भिंतींवर लोक नावं कोरतात, हो, अगदी आपल्या गडकिल्ल्यांवर बदाम काढून कोरतात तशीच. फरक हा की तिथे काही भिंतींवर कैद्यांनी स्वतः ओरखडलेलं आहे, ब्लॉक ११ च्या कोठड्यांमध्ये वगैरे. २०२१ मध्ये तर कोणीतरी नऊ लाकडी बराकींवर स्प्रेने ज्यूद्वेषी मजकूर लिहून ठेवला होता, तो काढताना खालचं मूळ लाकूड जाऊ नये म्हणून केवढी काळजी घ्यावी लागली असेल विचार करा.

"सगळं नंतर बांधलेलं" या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण लिहिणाऱ्याला कल्पना नसेल पण हे वाक्य फार वाईट लोकांच्या, होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या, तोंडचं आहे. खरं काय ते ऐका. पहिल्या कॅम्पमधलं जे छोटं क्रेमॅटोरियम (प्रेतं जाळायची इमारत) आहे ते एसएसनेच १९४४ मध्ये बदलून हवाई हल्ल्याचं शेल्टर केलं होतं, युद्धानंतर त्याचा काही भाग आणि चिमणी पुन्हा उभारली. हे म्युझियम लपवत नाही. बिर्केनाऊची मोठी क्रेमॅटोरियमं मात्र कोणी परत बांधलेली नाहीत, तो ढिगारा आहे तसा आहे. एक ऑक्टोबर १९४४ मध्ये तिथे कामाला जुंपलेल्या कैद्यांच्या उठावात जळालं, बाकीची जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ आल्यावर एसएसने उडवून दिली, शेवटचं तर सुटकेच्या आदल्या दिवशी, २६ जानेवारीला. कागद जाळले, लुटलेल्या सामानाची गोदामं पेटवली. म्हणजे गुन्हेगारांनी पुरावा नष्ट केला आणि त्यातून जेवढा वाचला तेवढा समोर पडलाय.

आणि तो ढिगारा खरंच कोर्टात गेलाय. डेव्हिड अर्व्हिंग नावाच्या ब्रिटिश लेखकाने डेबोरा लिपस्टॅट या इतिहासकार बाईंवर आणि त्यांच्या प्रकाशकावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला, कारण त्यांनी त्याला होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं होतं. त्या केसमध्ये बिर्केनाऊच्या एका गॅस चेंबरच्या कोसळलेल्या छताला विषारी गोळ्या टाकायची भोकं होती की नव्हती यावर वाद झाला. काँक्रीटच्या तुकड्यांवर! एप्रिल २००० मध्ये अर्व्हिंग हरला, सपशेल. तर आता सांगा, त्या अवशेषांवर चढून सेल्फी घ्यायचा की नाही.

पाटी डुप्लिकेट आहे, खरंय. का आहे ते मेसेजमध्ये नाही. डिसेंबर २००९ मध्ये खरी पाटी चोरांनी उचकटून नेली, दोन-तीन दिवसांत पोलिसांना सापडली ती तीन तुकडे केलेली. ती जोडून आत सुरक्षित ठेवलीय, गेटवर कॉपी. म्हणजे पब्लिकच्या हातून ओरिजिनल वाचवायची म्हणून डुप्लिकेट लावायची आणि मग पब्लिकने म्हणायचं बघा कसं डुप्लिकेट.

खडा, बटण, विटेचा तुकडा. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या शाळेच्या ट्रिपमधली दोन मुलं जळालेल्या गोदामांच्या जागेवरून बटणं आणि काचेचे तुकडे वगैरे उचलताना पकडली गेली आणि प्रकरण थेट कोर्टात गेलं. एवढ्याशा बटणासाठी? त्या जमिनीतली एवढीशी वस्तूच कधीकधी शेवटची असते. म्युझियमकडे एक लाख दहा हजारांच्या आसपास जोडे-चपला आहेत, त्यातले आठ हजार लहान मुलांचे. २०२० मध्ये असाच एक छोटा बूट हातात घेऊन काम चाललेलं असताना आतमध्ये हाताने लिहिलेलं सापडलं, मुलाचं नाव आणि ट्रान्सपोर्टचा नंबर. त्यावरून कागद जुळवले तर मुलगा प्रागचा, जन्म १९३८, आईबरोबर ऑक्टोबर १९४४ मध्ये आणलेला. वडील वेगळ्या गाडीने आले आणि वाचले. पंचाहत्तर वर्षं तो बूट ढिगात पडून होता आणि कोणाला माहीत नव्हतं. एखाद्या टुरिस्टने "आठवण" म्हणून नेला असता तर आज कोणाच्या तरी शोकेसमध्ये फ्रिज मॅग्नेटच्या शेजारी असता.

धंदा म्हणणाऱ्यांसाठी: तिथे प्रवेश फुकट आहे. पैसे गाईडचे लागतात, आणि जवळच्या क्राकोव शहरातून बस, जेवण, पिकअप धरून जे बिल होतं ते तुमच्या टूर कंपनीचं असतं. जतनासाठी २००९ मध्ये वेगळं फाउंडेशन काढलं व्वादिस्वाफ बार्तोशेव्स्की यांनी, जे स्वतः ऑशवित्झचे कैदी होते आणि पुढे पोलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. १२ कोटी युरोचा फंड उभा करून त्याच्या उत्पन्नातून जतनाचं काम चालवायचं अशी ती रचना, त्यातले निम्मे पैसे जर्मनीने दिले, आणि २०१९ मध्ये आणखी ६ कोटी जाहीर केले. ज्यांनी गुन्हा केला त्यांचा देश पैसे भरतोय, आपल्याला फक्त पाय नीट ठेवायला सांगितलंय.

नाचण्याचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मला आवडतोही. नव्वदीला टेकलेले एक आजोबा, होलोकॉस्टमधून वाचलेले, मुलगी आणि नातवंडांना घेऊन ऑशवित्झमध्ये नाचले आणि तो व्हिडिओ २०१० मध्ये जगभर फिरला. तेव्हाही वाद झालाच, वाचलेल्यांपैकीच काहींना तो आवडला नाही. पण ज्याला मारायचं ठरवलं होतं तो माणूस नातवंडं घेऊन परत येतो आणि नाचतो, त्यात त्याला काय म्हणायचंय ते कळतं. आपल्या रीलमध्ये काय म्हणायचंय? आणि वाचलेल्यांचाच दाखला द्यायचा तर १९४७ मध्ये हे म्युझियम उभं राहिलं ते माजी कैद्यांच्याच धडपडीतून, तेच सुरुवातीला तिथे राखणीला राहिले, लोक लाकूडफाटा आणि विटा उचलून नेत होते म्हणून. हा दाखला मेसेजमध्ये कसा नाही आला बुवा.

बर्लिनचं म्हणाल तर ते मारलेल्या ज्यूंचं स्मारक २००५ चं, शहराच्या मधोमध, २७११ काँक्रीटचे ठोकळे. आर्किटेक्ट पीटर आयझेनमन खरंच म्हणाले होते की लोक तिथे मजा करत असतील तर करू देत, तेही २०१७ मध्ये, जेव्हा शाहाक शापिरा या कलाकाराने तिथले हसरे सेल्फी छळछावण्यांच्या फोटोंवर चिकटवून लोकांना लाजवलं होतं. पण आयझेनमन यांचं कारणच हे होतं की माझ्या स्मारकाखाली कोणी पुरलेलं नाही. बिर्केनाऊमध्ये तळ्यांत आणि शेतात राख टाकलेली आहे. त्यांचंच वाक्य लावायचं तर पूर्ण लावा. शिवाय बर्लिनलाही ठोकळ्यावरून ठोकळ्यावर उड्या मारायच्या नाहीत, असा नियम आहेच.

आता कोल्हापूर. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा निर्वासितांचा कॅम्प ही अभिमानाचीच गोष्ट आहे, १९४३ ते १९४८, साधारण पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुलं. पण त्यांना हिटलरने नव्हे, स्टालिनने घराबाहेर काढलं होतं. पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानला पाठवलेली ही माणसं, १९४१ नंतर सुटली, इराणमार्गे आपल्याकडे आली. होलोकॉस्ट वेगळा, हे वेगळं, दोन्हीची खिचडी करून मिशा पिळण्यात काही अर्थ नाही. आणि समजा तसं असतं तरी, आजोबांनी कोणाला आसरा दिला म्हणून नातवाला त्यांच्या कबरस्तानात क्रिकेट खेळायचा परवाना मिळतो का?

यंदा जाणार असाल तर बुकिंग म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरून करा, पास नावावर असतो म्हणून ओळखपत्र लागतं, मोठी बॅग आत नेता येत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असा म्युझियमचाच सल्ला आहे, बंदी नाही, पण सात-आठ वर्षांच्या पोराला तीन-साडेतीन तास त्यातून फिरवून वर त्याने दंगा केला म्हणून ओरडायचं हे बरोबर नाही. सकाळी ऑशवित्झ आणि दुपारी क्राकोवजवळची मिठाची खाण असं एका दिवसात कोंबलेलं पॅकेज असेल तर बिर्केनाऊला किती वेळ देणार ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या, काही जण तिथे गेटवर बस थांबवून पंधरा मिनिटं देतात आणि त्या पंधरा मिनिटांत माणूस फोटोच काढणार.